परक्या देशातील संकोच आणि त्यावरील उपाय

आपल्या समाजातील मुले-मुली आता उच्च शिक्षणासाठी परदेशी जाऊ लागली आहेत. कोणी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर जातो, कोणी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीवर, तर कोणी जपान सरकारच्या मोंबुकागाकुशो शिष्यवृत्तीवर. ज्यांच्या आजोबांनी जिल्ह्याचे ठिकाण एखाद-दुसऱ्या वेळी पाहिले, त्यांची नातवंडे विमानात बसतात, ही आपणा सर्वांना आनंदाची गोष्ट आहे. जाण्यापूर्वी विहारात सत्कार होतो. व्हिसा, स्वेटर, लोणचे, प्रेशर कुकर या सर्व गोष्टींची चर्चा होते. परंतु तेथे पोहोचल्यानंतर पहिल्या दोन-तीन महिन्यांत जी गोष्ट मुलाला आतून पोखरते, तिच्याविषयी कोणीच बोलत नाही. ती गोष्ट म्हणजे लाज. संस्थेच्या चिटणीसांनी या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा आम्ही हाच विषय घेण्याचे ठरविले.

आम्ही तिघे जण २०१४ ते २०१७ या काळात जपानमधील ओसाका शहरात शिकत होतो. एक नागपूरचा, एक अकोल्याकडचा आणि एक नांदेड जिल्ह्यातील खेड्यातला. तिघांच्याही घरांतून परदेशी जाणारे आम्ही पहिलेच. त्यामुळे घरात विचारावे असे कोणी नव्हते, आणि फोनवर आई विचारी, "जेवलास का रे?" तिला "हो" म्हणण्यापलीकडे आम्ही काही सांगत नसू.

पहिली फजिती चपलांची झाली. जपानी घरात शिरताच गेन्कान नावाची सखल जागा असते, तेथे पादत्राणे काढायची. आम्हाला वाटले, हे तर आपल्याकडच्यासारखेच! पण साम्य दिसले की माणूस बेसावध होतो. आत घालायला वेगळ्या सपाता असतात. ताटामीच्या, म्हणजे गवती चटईच्या खोलीत त्याही काढाव्या लागतात. संडासात आणखी वेगळ्या सपाता ठेवलेल्या असतात, आणि त्या तेथेच सोडून यायचे असते. प्राध्यापकांनी घरी जेवायला बोलाविले असताना आमच्यातील अकोलेकर मित्र संडासातील सपाता घालून थेट जेवणाच्या खोलीत आला. कोणी काही बोलले नाही. प्राध्यापकांच्या पत्नी हळूच हसल्या, उठल्या, आणि दुसऱ्या सपाता त्याच्या पायाशी ठेवून गेल्या. त्या रात्री त्याला झोप आली नाही. पुढे महिनाभर कोणी घरी बोलाविले की त्याचे पोट दुखत असे.

आता या प्रसंगाचा विचार करू. घडले काय? सपाता बदलायच्या राहिल्या. एवढ्यावरून महिनाभर पोट का दुखावे? अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५६ साली ओशाळलेपणावर एक निबंध लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, चार लोकांत वावरताना प्रत्येक जण आपले एक रूप समोर ठेवत असतो. मी सुशिक्षित आहे, मला रीतभात कळते, असे ते रूप. एखाद्या चुकीमुळे ते रूप खोटे पडल्यासारखे वाटले की माणूस ओशाळतो. गॉफमनने आणखी एक गोष्ट दाखविली, ती फार उपयोगाची आहे. ओशाळलेपण एकट्या चुकणाऱ्याचे नसते, समोरच्या मंडळींचीही पंचाईत होते आणि तेही प्रसंग सावरून घेण्याच्या मागे लागतात. प्राध्यापकांच्या पत्नी हसल्या, ते त्यासाठीच. जपानमध्ये अवघडलेला क्षण हलका करण्यासाठी पुष्कळदा हसतात. आमच्या मित्राला मात्र ती आपली टिंगल वाटली.

परक्या देशात हे अधिक तीव्रतेने का होते, याचे कारण मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी सांगितले आहे. संस्कृतीच्या धक्क्याविषयीचा त्यांचा लेख १९६० साली प्रसिद्ध झाला. केव्हा हात पुढे करायचा, केव्हा नाही म्हणायचे, कोणाला काय म्हणून हाक मारायची, अशा हजारो खुणांवर आपले रोजचे वागणे चालते आणि त्या आपण लहानपणीच नकळत शिकलेल्या असतो. देश बदलला की त्या सगळ्या एकदम निकामी होतात. पंचविशीतला पदवीधर एकाएकी तीन वर्षांच्या पोरासारखा होतो. पोराला लाज नसते, म्हणून ते शिकते. पदवीधराला ती असते.

आपली मान डोलावण्याची सवय घ्या. आपण समोरच्याचे बोलणे समजले की मान डावी-उजवीकडे हलवितो. जपानी माणसाला त्यात "नाही" किंवा "शंका आहे" असे दिसते. प्रयोगशाळेत प्राध्यापकांनी विचारले, समजले का? नांदेडकर मित्राने मान डोलावली. प्राध्यापकांनी पुन्हा समजावून दिले. त्याने पुन्हा डोलावली. तिसऱ्यांदा त्यांनी फळ्यावर आकृती काढली. बाहेर आल्यावर मित्र आम्हाला म्हणाला, "सर मला मठ्ठ समजतात." सरही कदाचित घरी जाऊन म्हणाले असतील, मला नीट शिकविता येत नाही!

हे सर्व प्रसंग सांगायला मजेचे आहेत. पण आता जे सांगणार आहोत ते सांगताना आम्हाला आजही जड जाते.

ओसाकाला पोहोचून आठवडा झाला होता. नांदेडकर मित्र घराजवळच्या दुकानात दूध आणि पाव घ्यायला गेला. त्याने पैसे हातात धरून गल्ल्यावरच्या बाईंपुढे केले. बाईंनी ते हातातून घेतले नाहीत. समोरचा छोटा ट्रे पुढे सरकविला आणि त्याकडे हात दाखविला. त्याने ट्रेमध्ये पैसे ठेवले, बाईंनी ते उचलले आणि उरलेली नाणी पुन्हा ट्रेमध्येच ठेवली. मित्र खोलीवर आला तो चेहरा उतरलेला. पावाची पिशवी त्याने टेबलावर टाकली आणि म्हणाला, "इथंही तेच आहे."

आम्हाला विचारावे लागले नाही. त्याचे आजोबा सांगत, गावच्या दुकानात पैसे हातात घेत नसत. पायरीवर ठेवायला लावत, वर पाणी शिंपडून मग उचलत आणि सामान वरून टाकत. हे आपल्यापैकी कित्येक घरांतील वृद्धांनी सांगितलेले आहे. मुलगा एम.एस्सी. झाला, सहा हजार किलोमीटर दूर गेला, पण त्या पायरीची आठवण त्याच्याबरोबर गेली होती.

त्यानंतर तो दुकानात जाईना. आम्ही दोघे सामान आणू लागलो. त्यात भर म्हणून दुसरा प्रकार घडला. रेल्वे स्थानकावर त्याने एका वृद्ध बाईंना इंग्रजीत काही विचारले, तर त्यांनी नाकासमोर हात वेगाने हलविला आणि त्या पुढे निघून गेल्या. नाकासमोर हात हलविणे म्हणजे आपल्याकडे काय, ते सर्वांना ठाऊक आहे. त्या दिवसापासून तो दोन-दोनदा अंघोळ करू लागला. वर्गात मागच्या बाकावर बसू लागला. एकदा तर त्याने परतीच्या तिकिटाची चौकशी केली. शिष्यवृत्ती सोडून तो निघून गेला असता, तर गावात लोक म्हणाले असते, पोराला झेपले नाही. खरे कारण कोणालाच कळले नसते.

उलगडा झाला तो साधा झाला. नागपूरकर मित्र एका संध्याकाळी त्याच दुकानात रांगेत उभा होता. त्याच्या पुढे सूट-टाय घातलेला एक जपानी गृहस्थ होता. त्याने खिशातून नोट काढली आणि न सांगता ट्रेमध्ये ठेवली. त्याच्या पुढच्या आजींनीही ट्रेमध्येच ठेवली होती. मित्र अर्धा तास मासिके चाळण्याच्या निमित्ताने तेथे थांबला आणि त्याने पाहिले की, प्रत्येक गिऱ्हाईक पैसे ट्रेमध्येच ठेवते. जपानमध्ये ती सर्वसाधारण रीत आहे. पैसे दोघांच्या डोळ्यांसमोर राहतात, मोजताना गोंधळ होत नाही. नाकासमोर हात हलविण्याचा अर्थही दुसऱ्या दिवशी सहाध्यायी मुलीला विचारला. ती म्हणाली, तो तर साधा नकार आहे, "नाही, मला येत नाही" असा. त्या आजींना इंग्रजी येत नव्हते. त्या स्वतःच ओशाळल्या होत्या!

हे आम्ही नांदेडकर मित्राला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे मी त्या बाईवर फुकट आळ घेतला." दुसऱ्या दिवशी तो स्वतः दूध आणायला गेला.

येथे आम्ही थोडे थांबून सांगू इच्छितो की, मित्राची चूक झाली म्हणून त्याला कमी लेखू नये. त्याने जो अर्थ लावला, तो त्याच्या घराण्याच्या अनुभवातून लावला आणि तो अनुभव खरा आहे. चूक एवढीच की, त्याने तो अर्थ पडताळून पाहिला नाही. लाज वाटली की माणूस खाली पाहतो, आणि खाली पाहणाऱ्याला पुढच्या गिऱ्हाइकाने पैसे कोठे ठेवले ते दिसत नाही.

उलट सर्व काही गैरसमजच असतो, परदेशात भेदभाव नसतोच, असेही आम्ही म्हणणार नाही. तसे सांगणारे लोक विद्यार्थ्यांची फसवणूक करतात. जपानच्या कायदा मंत्रालयाने परदेशी रहिवाशांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध केले. मागील पाच वर्षांत घर शोधणाऱ्यांपैकी शंभरातील सुमारे ३९ जणांना परदेशी असल्याच्या कारणावरून घर नाकारले गेले होते. आम्हालाही दोन ठिकाणी घर नाकारण्यात आले. पहिल्या वेळी आम्हाला लाज वाटली, जणू आमचेच काही कमी आहे. दुसऱ्या वेळी राग आला. राग येणे बरोबर होते. ट्रेमध्ये पैसे ठेवणे ही रीत आहे, ती शिकून घ्यावी. घर नाकारणे हा अन्याय आहे, त्याची तक्रार करावी, विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात लेखी द्यावी. या दोहोंची गल्लत झाली की विद्यार्थी रीतीवर रागावतो आणि अन्यायापुढे ओशाळतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा तेही बावीस वर्षांचे विद्यार्थी होते. वसतिगृहाच्या पहिल्या खोलीत त्यांचे जमले नाही, जेवण रुचले नाही. तेथून ते कॉस्मॉपॉलिटन क्लबमध्ये गेले आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्रासोबत राहिले. ती मैत्री पुढे आयुष्यभर टिकली. जागा बदलून पाहणे, एक भरवशाचा मित्र जोडणे, हे किती साधे उपाय आहेत! 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी लिहिले आहे की, युरोप-अमेरिकेतील पाच वर्षांच्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसून गेली होती. ती पुन्हा जागी झाली बडोद्याला परतल्यावर, राहायला जागा शोधताना. विद्यार्थ्यांनी हे प्रकरण मुळातून वाचावे.

आमच्यापैकी एकाने त्या दिवसांत प्रश्न केला होता की, आपल्या धम्मात लज्जेला चांगले म्हटले आहे, मग लाज सोडा असे कसे म्हणता? प्रश्न योग्य आहे. अंगुत्तर निकायाच्या दुकनिपातात हिरी आणि ओत्तप्प हे जगाचे रक्षण करणारे दोन धर्म सांगितले आहेत. पण हिरी म्हणजे पापकर्माची लाज आणि ओत्तप्प म्हणजे त्याच्या परिणामांचे भय. संडासातील सपाता घालून जेवायला येणे हे पापकर्म नव्हे. त्यात कोणाची हिंसा नाही, चोरी नाही, खोटे बोलणे नाही. खोटे मात्र आम्ही नंतर बोललो. घरी जेवायला बोलाविले की, "अभ्यास आहे" असे सांगून टाळू लागलो. लाज वाटायची तर तिची वाटायला हवी होती.

आता उपायांकडे वळू. आमच्या अनुभवात जे उपयोगी पडले तेवढेच सांगतो.

पहिली गोष्ट, लोक आपल्याला वाटते तितके आपल्याकडे पाहत नसतात. याचा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या थॉमस गिलोविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. एका विद्यार्थ्याला लाज वाटेल असा, एका गायकाचे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठविले. नंतर त्याला विचारले, किती जणांच्या लक्षात आले असेल? असे अनेक विद्यार्थ्यांबाबत केले. टी-शर्ट घालणाऱ्यांचा अंदाज होता, जवळजवळ निम्म्यांच्या. प्रत्यक्षात लक्षात आले होते सुमारे चौथ्या हिश्शाच्या. आम्ही हे वाचल्यावर रेल्वेच्या डब्यात बसून मोजले. समोरच्या बाकावरील सात जणांपैकी पाच जण झोपलेले होते!

दुसरी गोष्ट, जी चूक झाली ती जागा टाळू नये, त्याच आठवड्यात पुन्हा तेथे जावे. टाळत गेले की भीती वाढते. सार्वजनिक स्नानगृहाच्या बाबतीत आम्ही हे फार उशिरा शिकलो. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्यानंतर काही दिवसांनी आम्ही ओसाकाहून तो पाहायला गेलो. कोयासान हे डोंगरावरील मठांचे गाव, रात्री मठातच उतरण्याची सोय असते. पुतळ्यापुढे उभे राहिल्यावर ऊर भरून आला. पण संध्याकाळी स्नानाची वेळ झाली, आणि तेथे सर्वांनी एकाच मोठ्या टाक्यात पूर्ण विवस्त्र होऊन उतरायचे असते हे कळल्यावर आम्ही तिघेही खोलीत दार लावून बसलो. गावाकडे नळावर, विहिरीवर अंघोळ केलेली, पण पंचा गुंडाळून. थंडीने दात वाजत होते आणि खाली गरम पाणी वाया जात होते.

पुढे ओसाकाला आमच्याच गल्लीतील सार्वजनिक स्नानगृहात आम्ही दुपारी, गर्दी नसते अशा वेळी गेलो. तेथे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी खुणेने दाखविले: आधी बुटक्या स्टुलावर बसून साबण लावून अंग स्वच्छ धुवायचे, साबण पूर्ण जाऊ द्यायचा, मगच टाक्यात उतरायचे. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. पाणी चाळीस-बेचाळीस अंशांच्या आसपास असते, म्हणून सावकाश उतरायचे. पाच मिनिटांत आमच्या लक्षात आले की, जेथे सगळेच उघडे असतात तेथे कोणी कोणाला पाहत नाही. तिसऱ्या खेपेला तर नांदेडकर मित्र म्हाताऱ्यांशी मोडक्या जपानीत पावसापाण्याच्या गप्पा मारू लागला.

तिसरी गोष्ट भाषेची. व्याकरण येईपर्यंत तोंड उघडायचे नाही, असे ठरविणारे विद्यार्थी वर्ष-वर्ष मुके राहतात. जपानीत "सुमिमासेन" हा एक शब्द घट्ट धरावा. क्षमा मागायला, हाक मारायला, आभार मानायला, तिन्हीला चालतो. चूक झाली की तो एकदा म्हणावा, किंचित वाकावे आणि पुढचे काम करावे. दहादा क्षमा मागितली की समोरचा अधिक अवघडतो. पुष्कळ शहरांतून स्वयंसेवक फुकट किंवा नाममात्र शुल्कात जपानी शिकवितात, तेथे अवश्य जावे. आमच्या नागपूरच्या वाचकांना तर वेगळे उदाहरण नको. भदंत सुरई ससाई जपानमधील ओकायामाकडचे. ते नागपुरात आले आणि इंदोऱ्याच्या विहारात राहिले, तेव्हा भाषा, जेवण, उन्हाळा सगळेच त्यांना परके होते. त्यांची जपानी वळणाची हिंदी आपण सर्वांनी ऐकली आहे. तिला कोणी हसले का? आपण जर हसलो नाही, तर आपल्या जपानीला तेथील लोक हसतील असे आधीच का धरून चालावे?

आणखी एक. जपानी माणूस तुमची चूक सहसा तोंडावर सांगणार नाही. कचऱ्याचे वर्गीकरण चुकले, तर तुमची पिशवी चिकटपट्टीवर सूचना लावून तेथेच ठेवली जाते आणि सगळी गल्ली ती पाहते. आमची तीन वेळा राहिली. म्हणून एखाद्या सहाध्यायाला मोकळेपणाने सांगून ठेवावे की, बाबा, माझे काही चुकले तर मला बाजूला घेऊन सांग. आमच्या वर्गातील त्या मुलीने आम्हाला सांगितले की, भातात काड्या उभ्या रोवू नका, तसे मृताच्या नैवेद्याला करतात. एका काडीवरून दुसऱ्या काडीला घास देऊ नका, दहनानंतर अस्थी तशा उचलतात. चारचौघांत नाक शिंकरू नका. पण शेवया खाताना फुर्र आवाज केला तर चालतो. नांदेडकर मित्र खोलीचे दार लावून हाताने वरणभात खात असे. तिने एकदा ते पाहिले, आणि म्हणाली, सुशी तर आम्हीही हाताने खातो. त्यानंतर तिने आमच्या खोलीवर हाताने वरणभात खाऊन पाहिला. निम्मा भात ताटाबाहेर सांडला, आणि तिलाच "सुमिमासेन" म्हणावे लागले.

एक बाब मात्र चेष्टेवारी नेण्यासारखी नाही. अकोलेकर मित्राला पहिल्याच हिवाळ्यात चार दिवस ताप होता. दवाखान्यात काय बोलायचे या संकोचाने तो गेला नाही, चौथ्या दिवशी उठवेना तेव्हा आम्ही उचलून नेले. आजारपण, पैशांची अडचण आणि मनाची उदासी या तीन गोष्टींत संकोच पाळू नये. विद्यापीठाचे आरोग्य केंद्र यासाठीच असते. तेथे जाताना लक्षणे कागदावर लिहून न्यावीत, डॉक्टर वाचून घेतात.

आम्ही तिघांनी त्या तीन वर्षांत एका वहीत आमच्या फजितींची नोंद ठेवली होती. तारीख, जागा, काय झाले, नंतर काय कळले, असे चार रकाने. पहिल्या तीन महिन्यांत सदतीस नोंदी आहेत, शेवटच्या संपूर्ण वर्षात नऊ. ती वही आम्ही संस्थेच्या वाचनालयात दिली आहे. जपानमध्ये शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. यंदा जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी फेब्रुवारीअखेरपर्यंत, रविवारी वंदनेनंतर वाचनालयात यावे. वही घरी नेता येणार नाही, पण तेथे बसून उतरवून घेता येईल. आमच्यापैकी एक जण त्या वेळी हजर असतो.